धागा : फुटलेल्या तांबड्या पेशी, हॅप्टोग्लोबिन आणि किडनी

गोमाई (शहादा)

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत, सिकलसेलबद्दल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) आता बऱ्यापैकी बोललं जातं. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून चाळिशीच्या आतल्या लोकांची तपासणीही वाढली. पण बोलणं 'सांधे दुखतात, रक्त कमी होतं' इथेच थांबतं. किडनीचा विषय निघतो तो पायावर सूज आल्यावर. खरं तर किडनीची झीज लहानपणीच सुरू झालेली असते, म्हणून हा धागा.

मुळाशी दोन प्रथिनं आहेत, दोन्ही यकृतात तयार होऊन रक्तात फिरतात. पहिलं हॅप्टोग्लोबिन. तांबडी पेशी रक्तवाहिनीतच फुटली की हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. या मोकळ्या हिमोग्लोबिनचे दोन तुकडे होतात, प्रत्येकी साधारण ३२ किलोडाल्टनचे (रेणूच्या वजनाचं एकक), आणि हे तुकडे किडनीच्या गाळणीतून आरामात निसटतात. हॅप्टोग्लोबिन त्यांना पकडतं. मग जोडगोळी दीडशे किलोडाल्टनच्या वर जाते आणि गाळणीतून जाऊ शकत नाही. प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी ती गिळून टाकतात. त्या पेशींवरचा सीडी१६३ हा ग्राहक (पेशीवरचा पकडणारा रेणू, रिसेप्टर) २००१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ओळखला.

दुसरं हिमोपेक्सिन. हॅप्टोग्लोबिन संपलं की हिमोग्लोबिनातून लोहयुक्त 'हीम' सुटं होतं. ते हिमोपेक्सिन धरतं आणि यकृताकडे नेतं. दोन्ही संपली की किडनी उघडी पडते.

जाणकारांनी यात भर घालावी. कुठे काय तपासायचं, काय टाळायचं, हे नेमकं लिहा.

अनेर (चोपडा)

गोमाईताई, मांडणी बरोबर आहे. आकडे जोडतो, कारण हा साठा किती तुटपुंजा आहे ते आकड्यांशिवाय कळत नाही.

हॅप्टोग्लोबिनची रक्तातली पातळी साधारण ३० ते २०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर. एवढं हॅप्टोग्लोबिन एक डेसिलिटर रक्तद्रवात ढोबळमानाने १०० मि.ग्रॅ.च्या आसपास मोकळं हिमोग्लोबिन बांधू शकतं. आता हिशेब करा. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असलेल्या माणसाच्या एक डेसिलिटर रक्तात १४,००० मि.ग्रॅ. हिमोग्लोबिन असतं. त्यातल्या फक्त एक टक्का पेशी एकदम फुटल्या तर १४० मि.ग्रॅ. बाहेर येतं, आणि ते निम्म्याहून थोड्या जास्त रक्तद्रवात मिसळतं. म्हणजे रक्तद्रवात अडीचशेच्या आसपास. शंभरची सोय आणि अडीचशेची आवक.

रोज आपल्या जवळजवळ एक टक्का पेशी म्हाताऱ्या होऊन जातातच, मग किडनी का टिकते? कारण त्यातल्या बहुतेक प्लीहेत, भक्षक पेशींच्या पोटात मोडतात. रक्तवाहिनीत थेट फुटणाऱ्या थोड्या असतात. सिकलसेलमध्ये हे थेट फुटणं कायम चालू राहतं.

आणखी एक गोष्ट. पकडलेल्या हिमोग्लोबिनसोबत हॅप्टोग्लोबिनही नष्ट होतं, ते परत वापरात येत नाही. जोडगोळी काही मिनिटांत रक्तातून जाते, नवं हॅप्टोग्लोबिन भरून यायला मात्र पाच-सात दिवस लागतात. तेही मधल्या काळात पुन्हा पेशी फुटल्या नाहीत तर.

तोरणमाळ

ताई, दादा, किडनीचं नुकसान नक्की होतं कसं? आशाताईंना सांगताना 'किडनीत रक्त अडकतं' असं सांगितलं जातं, ते बरोबर वाटत नाही.

वाघूर (जळगाव)

बरोबर नाहीच. तीन गोष्टी एकदम होतात.

गाळणीतून उतरलेलं हिमोग्लोबिन किडनीतल्या बारीक नलिकेच्या पेशी मेगालिन आणि क्युबिलिन या ग्राहकांतून आत ओढून घेतात. आत हीम आणि लोह मोकळं होतं, ऑक्सिडीकरण होतं, पेशी मरते. पेशीत हीम मोडणारं हीम ऑक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) असतं, पण त्याचीही मर्यादा आहे.

उरलेलं हिमोग्लोबिन नलिकेतल्याच एका प्रथिनाला चिकटून गोळे धरतं आणि नलिका तुंबते. लघवी आम्लधर्मी आणि घट्ट असेल तर हे जास्त होतं. 'अडकतं' हा शब्द फक्त इथे लागू आहे.

तिसरं म्हणजे मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. वाहिन्या आवळतात, किडनीच्या आतल्या भागाला आधीच प्राणवायू कमी, तो आणखी घटतो. सिकल पेशी याच भागात वाकड्या होऊन वाहिन्या तुंबवतात, म्हणून सिकलसेलमध्ये दुहेरी मार बसतो.

हिमोपेक्सिनचं महत्त्व अलीकडे जास्त स्पष्ट झालं. २०२० मध्ये सिकलसेलच्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. हिमोपेक्सिन कमी पडलं की अल्फा-१-मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रथिन हीमचा भार उचलतं. पण ते फक्त २६ किलोडाल्टनचं असल्यामुळे गाळणीतून उतरतं आणि हीम थेट किडनीत पोचवतं. बाहेरून हिमोपेक्सिन दिल्यावर उंदरांची किडनी वाचली. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. हीम कोणाच्या हातात आहे यावर ते यकृतात जाणार की किडनीत, हे ठरतं.

सुकीकाठ (रावेर)

मग ही प्रथिनं औषध म्हणून मिळतात का? इंजेक्शन, पावडर, आहारातून काही?

वाघूर (जळगाव)

रक्तद्रवातून काढलेलं हॅप्टोग्लोबिन जपानमध्ये १९८५ पासून वापरात आहे. मोठ्या भाजण्यात, हृदयाच्या शस्त्रक्रियेत किंवा भरपूर रक्त चढवल्यावर पेशी फुटल्या तर ते देतात. आपल्याकडे ते नेहमीच्या उपचारात नाही. हिमोपेक्सिन अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

आहारातून नाही. खाल्लेलं प्रथिन पचून तुटतं, तसंच्या तसं रक्तात जात नाही. प्रोटीन पावडरने हॅप्टोग्लोबिन वाढत नाही आणि किडनी आधीच कमजोर असेल तर उगाच भार वाढतो. कावीळ उतरवणारी जडीबुटीही सिकलसेलच्या रुग्णाला देऊ नका. डोळे पिवळे होतात ते बहुतेक वेळा पेशी फुटल्यामुळे, यकृत बिघडल्यामुळे नव्हे.

म्हणून आपल्या हातात उरतं ते एवढंच की आहे तो साठा संपू द्यायचा नाही, आणि संपला असेल तर वेळेत ओळखायचं.

तोरणमाळ

ओळखायचं कसं? आरोग्य केंद्रात लघवीची पट्टी, सूक्ष्मदर्शक आणि सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवणारं यंत्र) आहे. हॅप्टोग्लोबिनची तपासणी तिथे होत नाही.

गोमाई (शहादा)

एवढ्यावर बरंच होतं. क्रमाने करा.

लघवी गडद, कोऱ्या चहासारखी दिसली तर ताज्या नमुन्यात पट्टी बुडवा. रक्ताचा चौकोन हिरवा-निळा झाला तर तोच नमुना फिरवून खालचा गाळ काचेवर घ्या. गाळात तांबड्या पेशी भरपूर दिसल्या तर रक्तस्राव समजा, म्हणजे मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा सिकलसेलमध्ये किडनीच्या आतल्या टोकाचा झालेला नाश. पट्टी ठळक आणि गाळात पेशी नाहीत किंवा अगदी तुरळक, तर लघवीत मोकळं हिमोग्लोबिन किंवा स्नायूतलं मायोग्लोबिन आहे.

दोघांतला फरक रक्ताच्या नळीत दिसतो. दोन-तीन मि.लि. रक्त साध्या नळीत घ्या, गोठू द्या, फिरवा आणि वरचा द्रव उजेडात पाहा. गुलाबी किंवा लालसर असेल तर हिमोग्लोबिन. स्वच्छ पिवळसर असेल तर मायोग्लोबिनचा संशय. कारण याच धाग्यात आहे: मायोग्लोबिन फक्त १७ किलोडाल्टनचं, हॅप्टोग्लोबिन त्याला धरत नाही, ते झटकन लघवीत उतरतं आणि रक्तद्रव स्वच्छ राहतो. लघवीचा नमुना जुना असेल तर पेशी नमुन्यातच विरघळतात आणि सगळी तपासणी फसते. एका तासाच्या आत पाहा.

एक धोका कायम लक्षात ठेवा. रक्त घेतानाच पेशी फुटल्या तरी द्रव गुलाबी दिसतो. बारीक सुई, सिरिंजची जोरात ओढ, नळीत पिचकारीसारखं सोडणं, नळी खडाखडा हलवणं, किंवा स्पिरिट वाळायच्या आत टोचणं, ही नेहमीची कारणं. शंका आली तर २१ नंबरच्या सुईने दुसऱ्या हातातून नव्याने रक्त घ्या. दुसरा नमुना स्वच्छ आला तर पहिल्या वेळी रक्त घेतानाच चूक झाली होती.

अनेर (चोपडा)

हॅप्टोग्लोबिनच्या रिपोर्टबद्दलही लिहायला हवं, कारण जळगाव-धुळ्याहून तो मागवतात आणि चुकीचा वाचतात. २५ मि.ग्रॅ.च्या खाली गेलं तर पेशी फुटत असल्याचा भक्कम पुरावा. पण ताप, जंतुसंसर्ग, सूज (अंगातला दाह) असली की यकृत हॅप्टोग्लोबिन जास्त बनवतं. तेव्हा पेशी फुटत असूनही आकडा 'नॉर्मल' येऊ शकतो. उलट यकृताचा आजार असेल किंवा बाळ अगदी नवजात असेल तर पेशी न फुटताही तो कमी येतो.

जास्त आकडा म्हणजे किडनी सुरक्षित, असंही नाही. तो बहुतेक वेळा सूज दाखवतो.

ठरलेल्या सिकलसेलच्या रुग्णात ही तपासणी वारंवार करण्यात पैसे घालू नका. त्यात हॅप्टोग्लोबिन बहुधा कायम शून्याजवळच असतं. त्याऐवजी एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारं विकर), अप्रत्यक्ष बिलिरुबिन (फुटलेल्या पेशींपासून होणारं पिवळं द्रव्य) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) यांची त्या रुग्णाची नेहमीची पातळी वहीत नोंदवा आणि बदल पाहा.

वाघूर (जळगाव)

आता किडनीच्या तपासणीतला मोठा सापळा, क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारं आणि किडनीने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य). सिकलसेलच्या मुलाची किडनी सुरुवातीला जास्त वेगाने गाळते आणि नलिकाही क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात. अंगात स्नायू कमी. त्यामुळे चांगल्या दिवशी आकडा ०.४ किंवा ०.५ असतो. तोच रुग्ण ताप आणि अंगदुखी घेऊन येतो, रिपोर्ट ०.८ येतो, शेजारी छापलेलं असतं ०.६ ते १.२ आणि कोणी लक्ष देत नाही. ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट म्हणजे किडनीला तीव्र इजा, ही जागतिक व्याख्या आहे. ०.४ वरून ०.८ म्हणजे दुप्पट. म्हणून प्रत्येक सिकलसेल रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर त्याचा बरा असतानाचा क्रिएटिनिन तारखेसह लिहिलेला हवा.

त्यात बिलिरुबिन फार वाढलेलं असेल तर जुन्या जाफे पद्धतीत क्रिएटिनिन खोटं कमी येऊ शकतं. प्रयोगशाळेला पद्धत विचारा.

लवकर कळण्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, गाळणी बिघडली की लघवीत गळतं)-क्रिएटिनिन गुणोत्तर, मि.ग्रॅ. प्रति ग्रॅममध्ये. वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० सुरुवातीची गळती, ३०० च्या वर मोठी गळती. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. ताप, पाळी, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत असेल तर तो दिवस सोडा. ३० च्या वर आलं तर तीन महिन्यांत पुन्हा, आणि तीनपैकी दोनदा आलं तरच खरं धरा.

साध्या पट्टीवर अवलंबून राहू नका. या रुग्णांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, विशिष्ट घनता १.०१० च्या आसपास अडकलेली असते. पातळ लघवीत अल्ब्युमिन विरळ होतं आणि पट्टी 'नाही' दाखवते.

गळती पक्की ठरली तर रामिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी गोळी डॉक्टर सुरू करतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावंच लागतं. जुलाब-उलटी चालू असेल तेवढे दिवस ती थांबवायची, आणि गरोदरपणात चालत नाही.

तोरणमाळ

मे महिन्यात तापमान ४४-४५ ला जातं. आम्ही सगळ्यांना 'भरपूर पाणी प्या' सांगतो. भरती रुग्णालाही सलाईन भरपूर लावायचं का? लघवी काळी असेल तर धुऊन निघेल असं म्हणतात.

वाघूर (जळगाव)

घरी असलेल्या रुग्णाला पाणी हवंच, आणि तहान लागायची वाट न पाहता. कारण वर लिहिलं तेच: उन्हात तुमची-आमची किडनी पाणी धरून ठेवते, यांची धरत नाही. घामही जातो, लघवीही पातळ जातच राहते. रात्री दोन-तीनदा उठणं आणि मुलाने अंथरूण ओलं करणं हाही त्याचाच भाग, म्हणून रात्रीचं पाणी तोडू नका.

भरती रुग्णाचं मात्र वेगळं आहे. सिकलसेलमध्ये सलाईनचा मारा केला तर फुप्फुसात पाणी भरतं आणि छातीचा गंभीर प्रकार (ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम) सुरू होतो. रोजच्या गरजेइतकं, फार तर दीडपट, आणि तोंडावाटे घेतलेलं त्यातच धरायचं. दर तासाला लघवी मोजा. किलोला अर्धा मि.लि.च्या खाली गेली तर वरच्या रुग्णालयात कळवा. श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन दर चार तासांनी. लघवी अल्कधर्मी करण्यासाठी सोडाबायकार्ब देण्याची पद्धत जुनी आहे, तिचा पुरावा कच्चा आहे. केंद्रात नको.

आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको. आपल्याकडे सर्रास टोचलं जातं. हिमोग्लोबिनने आवळलेल्या वाहिन्या ते आणखी आवळतं. पॅरासिटामॉल किलोला १५ मि.ग्रॅ., सहा तासांच्या अंतराने. त्याने भागलं नाही तर ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा.

पांझराकाठ (धुळे)

रक्तपेढीच्या बाजूने लिहितो. चढवायचं रक्त चढवण्याआधीच फुटतं आणि सगळा साठा तिथेच संपतो, हे पूर्ण टाळता येतं.

बॅग २ ते ६ अंशांतच हवी. वॉर्डातल्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटली की पेशी गोठून फुटतात. गरम पाण्यात बुडवणं, उन्हात धरणं, हीटरजवळ टांगणं, सगळं बंद. पेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण. त्या नळीत फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोज मिसळलं की नळीतच पेशी फुगून फुटतात, रिंगर लॅक्टेटने गुठळ्या धरतात. मोठ्या माणसाला १८ किंवा २० नंबरची सुई. बारीक सुईतून बॅग दाबून रक्त ढकलू नका.

सिकलसेलच्या रुग्णासाठी मागणी करताना चिठ्ठीवर 'सिकलसेल' ठळक लिहा, म्हणजे आरएचचे सी, ई आणि केल हे गटही जुळवता येतात. हे न जुळवता वारंवार रक्त दिलं की अंगात प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त चढवल्यावर लगेच सगळं ठीक दिसतं आणि तीन दिवस ते तीन आठवड्यांच्या दरम्यान लघवी काळी होते, हिमोग्लोबिन चढवण्याआधीपेक्षाही खाली जातं. अशा वेळी घाईने दुसरी बॅग लावणं धोक्याचं. आधी पेढीला फोन, नवा नमुना, कूम्ब्स तपासणी (तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी). घरी सोडताना रुग्णाला ही मुदत सांगा. धुळ्याकडच्या माणसाला आपल्या बोलीत सांगितलं तर लक्षात राहतं : लघवी काळी व्हयनी ते लगेच दवाखानामा या.

सुकीकाठ (रावेर)

सिकलसेल नसलेल्यांचं काय? आमच्याकडे बागांत मोरचूद घरोघर असतं.

अनेर (चोपडा)

चांगला प्रश्न. मोरचूद पोटात गेलं की तांबं तांबड्या पेशींचं आवरण फोडतं. बागेत फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना पडतो. घरात पडलेली अर्धी पिशवी हाच मोठा धोका. उलटी निळसर-हिरवी होते, पोटात आग पडते. पण पेशी फुटतात त्या साधारण १२ ते २४ तासांनी. पहिल्या दिवशी रुग्ण बरा वाटला म्हणून घरी नेतात, दुसऱ्या दिवशी लघवी काळी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी बंद. मुद्दाम उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, सरळ डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि बरं वाटलं तरी दोन दिवस तिथेच ठेवा.

जी६पीडी (तांबड्या पेशीला जपणारं विकर) कमी असलेल्यांत हेच काम मलेरियाची प्रायमाक्विन गोळी आणि डांबराच्या गोळ्या करतात. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात प्रायमाक्विन १४ दिवस चालते. लघवी गडद झाली त्या दिवशी गोळी बंद. एक बारकावा: पेशी नुकत्याच फुटल्या असताना जी६पीडी तपासलं तर खोटं चांगलं येतं, कारण म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्यांत हे विकर भरपूर असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

घोणस चावल्यावरही पेशी फुटतात आणि रक्त गोठेनासं होतं. तिथे किडनी वाचते ती प्रतिविष किती लवकर मिळालं यावर, घरी काही करत बसू नये.

तोरणमाळ

हायड्रॉक्सियुरियाने (सिकलसेलमध्ये रोज देतात ती गोळी) या प्रथिनांना काही मदत होते का? 'कॅन्सरची गोळी' म्हणून लोक घाबरतात.

वाघूर (जळगाव)

होते, आडवाटेने. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, पेशी कमी वाकतात, कमी फुटतात, हॅप्टोग्लोबिन आणि हिमोपेक्सिनचा खर्च कमी होतो. सुरुवात किलोला १० ते १५ मि.ग्रॅ., रोज एकदा. पहिले काही महिने दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरल्या तर थांबवून पुन्हा कमी मात्रेत. किडनीचं काम निम्म्याच्या आसपास आलं असेल तर मात्रा निम्मी, कारण गोळी किडनीवाटे बाहेर पडते. मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं. फॉलिक ॲसिड सोबत चालू ठेवा. लोहाच्या गोळ्या मात्र फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहिल्याशिवाय नकोत.

तोरणमाळ

शेवटचं एक. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून नमुने खाली यायला चार-पाच तास लागतात, घाट, धक्के, ऊन. काय काळजी घ्यायची?

गोमाई (शहादा)

रक्त न फिरवता पाठवू नका. धक्क्यांनी पेशी नळीत फुटतात, पोटॅशियम आणि एलडीएच खोटं वाढतं आणि रुग्णाला नसलेला आजार लागतो. अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, दहा मिनिटं फिरवा, वरचा द्रव दुसऱ्या नळीत काढून घ्या आणि तो पाठवा. रक्तगणतीची जांभळी नळी फिरवायची नाही, ती हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करून तशीच पाठवा. सगळ्या नळ्या उभ्या, थंड डब्यात, पण बर्फाला थेट लागू न देता, मध्ये कापड किंवा पुठ्ठा घाला. लघवीचा अल्ब्युमिनचा नमुना फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो, तो गोठवू मात्र नका, अल्ब्युमिन कमी येतं. आणि नळीवर नमुना घेतल्याची वेळ लिहा. वेळ नसेल तर गुलाबी द्रव आला तेव्हा तो रुग्णाचा की रस्त्याचा, हे इथे बसून सांगता येत नाही.